‘परमिशन डिनाइड’ पुन्हापुन्हा येतंय? आधी ती परवानगी कोण लिहितंय ते शोधा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. टीमचा एक सामायिक फोल्डर असतो आणि बरेच जण त्यात काम करत असतात. एके दिवशी एकाला फाईल उघडता येते, पण सेव्ह करता येत नाही. ॲडमिन येतो, अख्ख्या फोल्डरवर परवानग्या नव्याने लावतो, काम सुरू होतं. दोन-चार दिवस बरे जातात आणि मग येरे माझ्या मागल्या. फक्त फाईल वेगळी असते आणि अडकलेला माणूस वेगळा असतो. शेवटी कोणीतरी वैतागून लिनक्सवर 777, म्हणजे सगळ्यांना सगळ्याची मुभा, लावतं किंवा विंडोजवर ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देऊन टाकतं. तक्रार थांबते, पण त्या फोल्डरवर आता कोणाचाच ताबा उरलेला नसतो.

एकदाच आलेली अडचण आणि परत परत येणारी अडचण यांचा तपास वेगवेगळा करावा लागतो. एकदाच आली असेल, तर त्या फाईलवरची परवानगी चुकली आहे. दुरुस्त करा आणि पुढे जा. पण तीच अडचण परत येत असेल, तर चुकीची परवानगी कुठून तरी रोज नव्याने लिहिली जाते आहे. तिथे फाईल दुरुस्त करणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. शक्यता तीनच असतात. फाईल तयार होतानाच चुकीची परवानगी घेऊन येते, किंवा बरोबर तयार झालेली फाईल नंतर कोणीतरी बदलतं, किंवा फाईलमध्ये काहीच खोट नसते आणि सिस्टिमला त्या माणसाची जुनीच ओळख माहीत असते.

दुरुस्तीआधी पुरावा घ्या

तक्रार आली की पहिला मोह होतो सरसकट ‘सीएचमॉड डॅश आर’, म्हणजे फोल्डरमधल्या सगळ्यांच्या परवानग्या एका फटक्यात बदलणारी कमांड, चालवण्याचा. तेवढं करू नका. ते चालवलं की सगळ्या फाईली एकसारख्या होतात आणि बिघाड कुठून आला याचा मागच पुसला जातो. दहा मिनिटं थांबा आणि एक अडकलेली व एक नीट चालणारी फाईल शेजारी शेजारी ठेवून पाहा.

‘एलएस डॅश एल’ने मालक, गट आणि परवानग्या दिसतात. परवानग्यांच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसलं, तर त्या फाईलवर एसीएल म्हणजे वेगळी परवानगी-यादी आहे, आणि मग नुसत्या ‘एलएस’वर विसंबून चालत नाही, ‘गेटएफएसीएल’ चालवावं लागतं. ‘स्टॅट’ ज्या वेळा दाखवतं, त्यांपैकी दोन पाहा: मजकूर शेवटी कधी बदलला आणि फाईलची माहिती, म्हणजे मालक, गट, परवानगी वगैरे, शेवटी कधी बदलली. दुसरी वेळ पहिल्यापेक्षा बरीच नंतरची असेल, तर मजकुराला हात न लावता कोणीतरी फाईलची माहिती बदलली आहे. तारीख जपून कॉपी केलेल्या फाईलीतही असंच दिसतं, तेवढं ध्यानात ठेवा. पण ती दुसरी वेळ रोज पहाटे दोनला येत असेल, तर पहाटे दोनला काय चालतं ते पाहायला लगेच निघा.

आणखी एक तपासणी बहुतेक जण विसरतात. फाईलची परवानगी कितीही बरोबर असली, तरी तिच्यापर्यंत जाणाऱ्या प्रत्येक डिरेक्टरीवर ‘एक्स’ म्हणजे आत शिरण्याची मुभा लागते. मधल्या एका डिरेक्टरीवर ती नसेल, तर खालचं सगळं बंद. ‘नेमआय डॅश एल’ला पूर्ण पाथ दिला की ती प्रत्येक पायरीचा मालक आणि परवानगी एकाखाली एक मांडून दाखवते. आणि फाईल डिलीट करता येणं-न येणं हे फाईलच्या परवानगीवर ठरत नाही, ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्या लिहिण्याच्या परवानगीवर ठरतं. ‘फाईल रीड-ओन्ली केली होती, तरी उडाली कशी’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

फाईल तयार होतानाच चुकते तेव्हा

सामायिक फोल्डरच्या तक्रारींत सगळ्यात जास्त हेच सापडतं, म्हणून इथे सावकाश जाऊ.

समजा ‘हिशेब’ नावाचा गट आहे आणि त्यात ‘लेखापाल’ आणि ‘तपासनीस’ अशी दोन खाती आहेत. सामायिक डिरेक्टरीचा गट ‘हिशेब’ आहे आणि गटाला लिहिण्याची परवानगी आहे. लेखापालाने नवी फाईल केली. ‘एलएस’मध्ये मालक लेखापाल, गटही लेखापाल, आणि परवानगी 644, म्हणजे मालकाला वाचणं-लिहिणं, गटाला आणि बाकीच्यांना फक्त वाचणं. तपासनिसाला फाईल वाचता येते, लिहिता येत नाही. या एका ओळीत दोन वेगळ्या चुका आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. बहुतेक जण एकच उपाय करतात आणि अर्ध्यावरच अडकून राहतात.

पहिली चूक गटाची. लिनक्सवर नवी फाईल तयार करणाऱ्याच्या प्राथमिक गटाची होते, डिरेक्टरीच्या गटाची नाही. ते बदलायला डिरेक्टरीवर सेटजीआयडी बिट लावावा लागतो, म्हणजे ‘सीएचमॉड जी+एस’ किंवा थेट 2775. मग आत होणाऱ्या नव्या फाईलींना डिरेक्टरीचा गट मिळतो आणि नव्या उपडिरेक्टऱ्यांना गटासोबत तो बिटही वारशाने मिळतो. मात्र आधीपासून असलेल्या उपडिरेक्टऱ्यांना तो आपोआप लागत नाही. त्यांच्यासाठी ‘फाइंड’ला फक्त डिरेक्टऱ्या शोधायला सांगून त्यांच्यावर एकदा बिट लावून घ्या. एक जुनी उपडिरेक्टरी जरी सुटली, तरी तक्रार तिच्याच आतून परत येते.

दुसरी चूक यूमास्कची. प्रोग्राम साधारणपणे नवी फाईल 666 ने मागतो आणि यूमास्क त्यातले बिट काढून घेतो. यूमास्क 022 असेल तर 644 उरतात, 002 असेल तर 664. सेटजीआयडी लावून गट बरोबर झाला, तरी यूमास्क 022 असेपर्यंत गटाला लिहिता येणार नाही. ‘सेटजीआयडी लावला, तरी होत नाही’ असं कोणी म्हटलं, की आधी यूमास्क विचारा.

यूमास्क 002 करण्याआधी एक गोष्ट बघून घ्या. प्रत्येक खात्याला स्वतःचा स्वतंत्र प्राथमिक गट असेल, तर 002 सुरक्षित आहे. पण सगळ्यांचा प्राथमिक गट एकच असेल, तर प्रत्येकाच्या नव्या फाईली प्रत्येकाला बदलता येतील, अगदी होम डिरेक्टरीतल्यासुद्धा. शिवाय लॉगिनच्या प्रोफाईलमध्ये लिहिलेला यूमास्क फक्त लॉगिन करणाऱ्या माणसांना लागू होतो. सिस्टिमडीने, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणाऱ्या यंत्रणेने, सुरू केलेली सर्व्हिस ते प्रोफाईल वाचतच नाही. तिच्या युनिट फाईलमध्ये ‘यूमास्क’ वेगळा द्यावा लागतो आणि न दिल्यास तो 0022 असतो. माणसांच्या फाईली नीट आणि सर्व्हिसच्या फाईली बंद, असं चित्र दिसलं तर कारण हेच.

साम्बामार्फत, म्हणजे लिनक्सवरचा फोल्डर विंडोजला शेअर म्हणून देणाऱ्या प्रोग्राममार्फत, येणाऱ्या फाईलींचं गणित आणखी वेगळं. साम्बाचा ‘क्रिएट मास्क’ मुळात 0744 असतो आणि ‘डिरेक्टरी मास्क’ 0755. म्हणजे विंडोजवरून शेअरमध्ये केलेल्या फाईलीतून गटाची लिहिण्याची परवानगी साम्बा स्वतःच काढून टाकतं, सर्व्हरवर यूमास्क काहीही असो. शेअरच्या व्याख्येत ‘क्रिएट मास्क’ 0664, ‘डिरेक्टरी मास्क’ 2775 आणि गरज पडल्यास ‘फोर्स ग्रुप’ लिहिलं की हा प्रकार थांबतो. कोणाची फाईल कुठल्या रस्त्याने येते हे विचारणं म्हणूनच इतकं महत्त्वाचं आहे. एकाच फोल्डरमध्ये एक जण एसएसएचवरून, दुसरा शेअरवरून आणि तिसरा वेब ॲप्लिकेशनमधून फाईल टाकत असेल, तर तिघांचे नियम तीन ठिकाणी लिहिलेले असतात.

प्रत्येकाचा यूमास्क सांभाळत बसण्यापेक्षा मला डीफॉल्ट एसीएल जास्त भरवशाचा वाटतो. ‘सेटएफएसीएल’ने डिरेक्टरीवर तो लावला, की आत होणाऱ्या नव्या फाईलींसाठी यूमास्क बघितलाच जात नाही; डिरेक्टरीचा डीफॉल्ट एसीएल लागू होतो. मात्र त्यातही एक खाच आहे. प्रोग्रामने फाईल तयार करताना स्वतःच कमी परवानगी मागितली, तर एसीएलचा मास्क, म्हणजे त्यातल्या परवानग्यांची कमाल मर्यादा, तेवढ्यावर येतो. 644 ची फाईल ‘सीपी’ने अशा डिरेक्टरीत कॉपी करून पाहा. ‘गेटएफएसीएल’मध्ये हिशेब गटापुढे वाचणं-लिहिणं दोन्ही दिसेल, पण त्याच ओळीच्या शेवटी ‘इफेक्टिव्ह’ लिहून फक्त ‘आर’ असेल. नियम लिहिलेला आहे, पण मास्कने तो झाकला आहे. ती ‘इफेक्टिव्ह’ची नोंद न वाचता पुढे गेलात, तर दिवसभर चुकीच्या जागी शोधत बसाल. आणि एसीएल असलेल्या फाईलवर ‘सीएचमॉड’ने गटाची परवानगी बदलली, तर प्रत्यक्षात बदलतो तो हाच मास्क. एखाद्याने सहज ‘जी-डब्ल्यू’ केलं, की एसीएलमध्ये नाव असलेल्या सगळ्यांचं लिहिणं एकदम बंद पडतं.

‘एमव्ही’ने हलवलेली फाईल हा चोरटा प्रकार आहे. एकाच फाईलसिस्टिमवर हलवताना नवी फाईल तयारच होत नाही, फक्त जागा बदलते. त्यामुळे सेटजीआयडी, यूमास्क, डीफॉल्ट एसीएल यांपैकी काहीच लागू होत नाही आणि फाईल जुनी परवानगी घेऊन येते. लोकांना सांगा: सामायिक फोल्डरमध्ये फाईल कॉपी करा, मग स्वतःची काढून टाका. तेही तारीख-परवानगी जपणारा पर्याय न वापरता.

बरेच एडिटर आणि ऑफिस प्रोग्राम सेव्ह करताना जुन्या फाईलवर लिहीत नाहीत. आधी तात्पुरती नवी फाईल करतात आणि मग ती जुनीच्या नावावर बसवतात. यात मालक बदलू शकतो, आणि तात्पुरती फाईल 600 ने तयार झाली असेल, तर परवानगीही जाते. ‘फाईल काल चालत होती, अमक्याने सेव्ह केल्यापासून चालत नाही’ ही तक्रार याचीच. त्या फोल्डरसाठी साम्बाचा ‘फोर्स क्रिएट मोड’ वापरणं किंवा त्या एडिटरची सेव्ह करण्याची पद्धत बदलणं, हे दोन उपाय बऱ्याचदा लागू पडतात.

सामायिक गिट रिपॉझिटरी, म्हणजे कोडच्या आवृत्त्यांचा साठा, असेल, तर हाताने काही करूच नका. ‘कोअर डॉट शेअर्डरिपॉझिटरी’ची किंमत ‘ग्रुप’ ठेवा. पुढच्या फाईलींच्या परवानग्या गिट स्वतः सांभाळतं. जुन्या मात्र एकदा दुरुस्त कराव्या लागतात.

नंतर कोणीतरी बदलतं तेव्हा

इथे खूण वेगळी असते: बिघाड ठरावीक वेळी येतो. रीबूटनंतर, रात्री, अपडेटनंतर किंवा केबल काढून लावल्यावर.

‘रन’ डिरेक्टरी मेमरीत असते आणि प्रत्येक बूटला नव्याने बनते. तिथे हाताने लावलेली परवानगी रीबूटनंतर टिकणारच नाही. ती बूटला अशा डिरेक्टऱ्या बनवणाऱ्या टेम्पफाईल्सच्या नियमात किंवा सर्व्हिसच्या ‘रनटाइमडिरेक्टरी’त लिहा. ‘डेव्ह’खालच्या उपकरणांचंही तसंच. यूएसबी-सिरीयल पोर्टला 666 लावलं, केबल काढून पुन्हा लावली, परवानगी गेली. तिथे खातं योग्य गटात घाला, डेबियनवर तो गट ‘डायलआउट’, किंवा उपकरणांच्या फाईली सांभाळणाऱ्या युडेव्हचा नियम लिहा. लॉग फाईल रोज बंद होत असेल, तर जुना लॉग बाजूला काढून नवा सुरू करणाऱ्या लॉगरोटेटच्या ‘क्रिएट’ ओळीत कोणता मालक, गट आणि परवानगी आहे ते वाचा. आजची फाईल त्याच ओळीतून येते.

एसईलिनक्स, म्हणजे लेबलं पाहून परवानगी ठरवणारी लिनक्सची जादा सुरक्षा, चालू असेल, तर परवानग्या अगदी बरोबर असूनही नकार येतो, कारण लेबल चुकलेलं असतं. ‘एलएस डॅश झेड’ने लेबल पाहा. होम डिरेक्टरीतून वेब सर्व्हरच्या डिरेक्टरीत हलवलेली फाईल जुनंच लेबल घेऊन जाते. ‘सीएचकॉन’ने लेबल बदलता येतं, पण सिस्टिमने पुन्हा लेबलं लावली की ते पुसलं जातं. टिकाऊ नियम ‘सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’ने नोंदवा आणि मग ‘रिस्टोरकॉन’ चालवा. एसईलिनक्स बंद करून टाकायचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नका.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीतला, म्हणजे विंडोजच्या खात्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीतला, एक प्रकार भल्याभल्यांना चकवतो. हेल्पडेस्कला एखाद्या खात्याचा पासवर्ड रीसेट करण्याचा अधिकार दिला, काम झालं, आणि तासाभरात अधिकार गायब. ते खातं ‘डोमेन ॲडमिन्स’सारख्या संरक्षित गटात असेल, तर हे ठरवून होतं. ‘ॲडमिनएसडीहोल्डर’ नावाच्या ऑब्जेक्टवरच्या परवानग्या दर 60 मिनिटांनी अशा सगळ्या खात्यांवर पुन्हा लिहिल्या जातात आणि वारसा, म्हणजे वरून आपोआप येणाऱ्या परवानग्या, बंद केला जातो. माणूस त्या गटातून बाहेर पडला, तरी खात्यावरचं ‘ॲडमिनकाउंट’ 1 च राहतं आणि बंद केलेला वारसाही बंदच राहतो. म्हणून जुन्या ॲडमिनचं खातं साधं झाल्यावरही विचित्र वागतं. ‘ॲडमिनकाउंट’ साफ करा, वारसा परत सुरू करा. आणि ज्याच्या हाती खरंच ॲडमिनचे अधिकार आहेत, त्याच्या रोजच्या कामासाठी वेगळं साधं खातं ठेवा.

कोण बदलतं हे अंदाजाने कळत नसेल, तर पहारा बसवा. लिनक्सवर ‘ऑडिटसीटीएल’ने त्या पाथवर ‘ए’ प्रकारची, म्हणजे गुणधर्म बदलांची, नोंद सुरू करा आणि दुसऱ्या दिवशी ‘ऑसर्च’ने वाचा, कोणत्या प्रोग्रामने, कोणत्या खात्यावरून बदललं ते लिहिलेलं असतं. विंडोजवर फोल्डरचं ऑडिटिंग सुरू केल्यावर परवानगी बदलल्याची नोंद 4670 क्रमांकाच्या इव्हेंटमध्ये सापडते.

ओळख शिळी असते तेव्हा

खातं गटात घातलं आणि तरीही नकार येतो. ‘आयडी’च्या पुढे खात्याचं नाव देऊन चालवा आणि मग त्याच माणसाच्या सेशनमध्ये नुसतं ‘आयडी’ चालवा. पहिलं उत्तर नोंदवहीतलं असतं, दुसरं चालू सेशनचं. दोन्हींत फरक दिसला तर तो माणूस लॉगआउट करून परत आलेला नाही. टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये जुनं सेशन उघडं ठेवलेलं असेल, तर लॉगआउट करूनही त्यात जुनेच गट राहतात. सर्व्हिस असेल तर ती रीस्टार्ट करा. विंडोजवरही गटांची यादी साइन-इन होतानाच टोकनमध्ये भरली जाते. ‘हूअ‍ॅमआय’ला ‘ग्रुप्स’ जोडून ती पाहता येते.

एका माणसाला नव्या गटात घातल्यावर त्याचे जुने फोल्डर बंद झाले, तर ‘यूजरमॉड’ला ‘कॅपिटल जी’ देताना ‘ए’ राहिला आहे. ‘ए’शिवाय ती कमांड गट वाढवत नाही, पूर्ण यादी बदलून टाकते.

एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या फोल्डरवर, आणखी एक मर्यादा आहे. नेहमीच्या ‘ऑथ सिस’ पद्धतीत क्लायंटकडून जास्तीत जास्त 16 गटच पाठवले जातात. ज्याच्याकडे त्याहून जास्त गट आहेत, त्याला काही फोल्डर उघडतात आणि काही नाहीत. सर्व्हरवर माउंटडीचा ‘मॅनेज जीआयडीज’ पर्याय सुरू केला, की गट सर्व्हर स्वतः शोधतो.

विंडोजच्या शेअरबद्दल थोडं

शेअरची परवानगी आणि एनटीएफएसची, म्हणजे डिस्कवरच्या फाईलची, परवानगी दोन्ही तपासल्या जातात आणि जी जास्त कडक ती चालते. शेअरवर रुंद आणि एनटीएफएसवर नेमकी ठेवली, तर एकाच जागी पाहावं लागतं. एकाच व्हॉल्यूमवर हलवलेली फाईल इथेही जुनी परवानगी घेऊन येते. कॉपी केलेली फाईल नव्या जागेची घेते. ‘डिनाय’ नेहमी जिंकतो हा समज अर्धवट आहे: त्याच फाईलवर थेट दिलेलं ‘अलाउ’ वरून वारशाने आलेल्या ‘डिनाय’च्या आधी वाचलं जातं.

ॲडमिनने फोल्डर उघडताना ‘कंटिन्यू’ दाबलं, तर एक्सप्लोरर त्याचं खातं त्या फोल्डरच्या यादीत कायमचं घालतो. हे वर्षानुवर्षं साठत जातं. मग माणूस सोडून गेला की ‘एस-1-5-21’ने सुरू होणारे निनावी आकडे उरतात. ‘आयकॅकल्स’ला ‘रीसेट’ आणि ‘टी’ दिलं, तर खालच्या सगळ्या परवानग्या वारशाच्या होतात. पण आधी ‘सेव्ह’ने जुनी यादी फाईलमध्ये काढून ठेवा.

777 का नको

777 लावल्यावर कोणीही आत लिहू शकतं, म्हणजे कब्जा झालेला एखादा क्षुल्लक प्रोग्रामसुद्धा. आणि त्याने चालू असलेल्या गोष्टीही बंद पडतात. होम डिरेक्टरीवर ते चालवलं, तर एसएसएच सर्व्हर ‘स्ट्रिक्टमोड्स’ या कडक तपासणीमुळे तुमची लॉगिनची ‘की’ घेणं नाकारतो आणि तुम्हीच बाहेर राहता. सरसकट लावायचंच असेल तर ‘जी+आरडब्ल्यूएक्स’मधला ‘एक्स’ कॅपिटल ठेवा. मग डिरेक्टऱ्यांना शिरण्याची मुभा मिळते आणि साध्या फाईली विनाकारण चालवण्यायोग्य होत नाहीत.

जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी 1975 मध्ये संरक्षणाची आठ तत्त्वं मांडली. कमीत कमी अधिकार हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं. पण आठवं मला इथे जास्त महत्त्वाचं वाटतं: यंत्रणा माणसाला वापरायला सोपी हवी, नाहीतर तो ती बरोबर वापरत नाही. 777 लावणारा माणूस आळशी नसतो, त्याला काम पुढे न्यायचं असतं आणि बरोबर रस्ता सापडत नसतो. तो रस्ता ॲडमिनने करून द्यायला हवा. परवानगी माणसाच्या नावाने न देता कामाच्या गटाला द्या आणि माणसं गटात घाला-काढा. डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कुन यांनी 1992 मध्ये भूमिकांवर आधारलेली हीच रचना औपचारिकपणे मांडली आणि 2004 मध्ये तिचं अमेरिकन मानक झालं. युनिक्सवर काढून टाकलेल्या खात्याचा क्रमांक नव्या खात्याला दिला, तर जुन्याच्या फाईली नव्याच्या होतात, म्हणून ‘फाइंड’चा ‘नोयूजर’ अधूनमधून चालवून अनाथ फाईली शोधत जा.

दुरुस्ती झाल्यावर तिकीट लगेच बंद करू नका. एका खात्याने नवी फाईल आणि नवी उपडिरेक्टरी करा, त्या उपडिरेक्टरीत आणखी एक फाईल करा, आणि दुसऱ्या खात्याने तिन्ही ठिकाणी लिहून पाहा. लोक प्रत्यक्ष वापरतात त्याच प्रोग्राममधून, त्याच शेअरवरून सेव्ह करून पाहा. मशीन एकदा रीबूट होऊ द्या, रात्रीचा बॅकअप आणि लॉगरोटेट एकदा पूर्ण होऊ द्या, आणि सकाळी पुन्हा ‘एलएस डॅश एल’ बघा.